हातचं न राखणारा कारखाना

भाचा डेन्मार्कमध्ये नोकरीला आहे. ‘मामू, पुढच्या उन्हाळ्यात आठ दिवस येऊन जा,’ असं त्याचं बोलावणं आलं. काय काय पाहायचं त्याची यादी आधी पाठवा, असंही त्यानं बजावलं. मी यादी केली. तिच्यात पहिलं नाव होतं कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या जुन्या कारखान्याचं. भाचा चक्रावला. ज्या घरात सणासमारंभालाही सरबतापलीकडे कधी मजल गेली नाही, त्या घरातला वडीलधारा माणूस साता समुद्रापलीकडे जाऊन बिअरचा कारखाना पाहणार!

मित्रहो, मी दारू पीत नाही आणि हा कारखाना पाहतानाही पिणार नाही. आपल्या राज्यात गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तेव्हा मनातून मी त्यांच्याच बाजूला होतो. दारूनं उठलेली घरं मी पाहिली आहेत. तरीही हा कारखाना मला पाहायचा आहे. दीडशे वर्षांपूर्वी त्याच्या मालकानं एक अट लिहून ठेवली. तिचा फायदा आज आपल्याकडच्या शेतकऱ्याला होतो, म्हशीसाठी पेंड विकत घेणाऱ्या बाईला होतो आणि साखर कारखान्यातल्या केमिस्टला होतो. त्यांना त्या मालकाचं नावही ठाऊक नसतं. ती अट कोणती आणि तिच्यामुळे काय घडलं, ते आज सांगायचं आहे. कुणी तिकडे जाणार असेल तर काय पाहावं, हेही ओघात येईलच.

गोष्ट सुरू होते १८४५ साली. याकोब क्रिस्तियान याकोबसेन हा कोपनहेगनमधला तरुण कारखानदार. बाप शेतकरी घराण्यातून शहरात आलेला आणि बिअर गाळण्याचा धंदा उभा केलेला. बापाच्या पश्चात धंदा मुलाकडे आला. मुलाला विद्यापीठाची पदवी नव्हती, पण विज्ञानाची ओढ मोठी होती. विजेच्या प्रवाहानं चुंबकाची सुई हलते, हा शोध १८२० साली लावणारे अर्स्टेड त्याच शहरात होते. त्यांची व्याख्यानं हा याकोबसेन ऐकायला जात असे. त्या काळी डेन्मार्कमधली बिअर आज एक तर उद्या दुसरी अशी असे. कधी आंबट, कधी गढूळ. जर्मनीत म्युनिकला मात्र थंड तळघरात सावकाश मुरवलेली, स्वच्छ बिअर तयार होत होती. तिचं मर्म होतं तिथल्या यीस्टमध्ये.

यीस्ट म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या गृहिणीला वेगळं सांगायला नको. पाव फुगवतं ते खमीर. गोव्यात पोदेर पूर्वी पिठात माडाची सूर घालत, तीही याचसाठी. आणि पद्धत आपल्या विरजणाचीच. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला लावायचं, आजच्यातलं उद्याला. बिअरवालेही एका घाण्यातलं यीस्ट पुढच्या घाण्याला लावत. विरजण चांगलं तर दही चांगलं. विरजण बिघडलं की शेजारणीकडे वाटी घेऊन जायचं.

याकोबसेनची शेजारीण जरा लांब राहत होती. तो म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात गेला. तिथल्या गाब्रिएल झेडलमायर यांच्याकडून त्यानं यीस्ट मिळवलं आणि डबे घेऊन घोडागाडीनं परतीला निघाला. यीस्ट उष्णतेनं मरतं. म्हणून वाटेत गाडी थांबेल तिथं उतरून त्यानं डब्यांवर गार पाणी ओतलं आणि एरवी ते आपल्या उंच टोपीखाली जपले, अशी कथा कार्ल्सबर्गमध्ये आजही सांगतात. टोपीचं खरंखोटं काही असो, यीस्ट जिवंत पोचलं, हे नक्की. १८४७ साली शहराच्या तटबंदीबाहेर, वाल्बीच्या टेकडीवर त्यानं नवा कारखाना काढला. पाणी जवळ होतं आणि त्याच वर्षी सुरू झालेली कोपनहेगन ते रोस्किल्डे ही रेल्वेही जवळून जात होती. मुलाचं नाव कार्ल, वय पाच. टेकडीला त्यांच्या भाषेतला शब्द जोडून कारखान्याचं नाव झालं कार्ल्सबर्ग, म्हणजे कार्लची टेकडी.

धंदा वाढला, पैसा आला. इथवर ही कुठल्याही कर्तबगार कारखानदाराची गोष्ट आहे. वेगळेपण पुढे आहे. १८७५ साली याकोबसेननं कारखान्याशेजारी एक प्रयोगशाळा काढली आणि १८७६ साली दहा लाख क्रोनर बाजूला काढून कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापन केलं. प्रतिष्ठानाचा कारभार त्यानं नातेवाइकांकडे दिला नाही. डेन्मार्कच्या शाही विज्ञान अकादमीनं निवडलेल्या पाच विद्वानांवर तो सोपवला. वक्फ म्हणा किंवा विश्वस्त निधी म्हणा, कल्पना तीच. आणि अट घातली ती अशी, की प्रयोगशाळेत जे महत्त्वाचं सापडेल, मग ते शास्त्राच्या उपयोगाचं असो की व्यवहाराच्या, ते गुप्त ठेवायचं नाही. जगापुढे मांडायचं.

या अटीची पहिली मोठी कसोटी १८८३ साली लागली. कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली होती. चव गेली, वास आला. प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन नावाचा शास्त्रज्ञ होता. हा रिबे गावच्या गरीब घरातला. उमेदीच्या काळात त्यानं घरं रंगवण्याचं काम केलं होतं, शिकण्याचा खर्च भागवायला कादंबऱ्या लिहिल्या होत्या. डार्विनच्या ‘बीगल’ जहाजावरच्या प्रवासवर्णनाचं डॅनिश भाषांतर करण्यातही त्याचा हात होता. कवीलेखकांचं विज्ञानात काय काम, असं विचारणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावं.

फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी बिअर बिघडण्याचा दोष जीवाणूंकडे दिला होता. हान्सेनला सूक्ष्मदर्शकाखाली दुसरंही काही दिसलं. खुद्द यीस्टच एका जातीचं नव्हतं. चांगल्या यीस्टमध्ये हवेतून आलेलं रानटी यीस्ट मिसळलं होतं, पिकात तण माजावं तसं. मग त्यानं यीस्टचं पाणी इतकं पातळ केलं, की थेंबात एखादीच पेशी यावी. त्या एका पेशीपासून वाढवलं ते निर्भेळ यीस्ट. बिअर सुधारली.

आता विचार करा. जगभरातल्या बिअरवाल्यांचं दुखणं तेच होतं आणि औषध एकट्या याकोबसेनच्या हाती होतं. तो ते कुलपात ठेवू शकला असता. वाटेल त्या दरानं विकू शकला असता. त्यानं पद्धत प्रसिद्ध होऊ दिली आणि यीस्टही इतर कारखान्यांना मोकळ्या हातानं दिलं. ज्यानं वाटी घेऊन विरजण मागितलं होतं, त्यानं घागर भरून ते परत वाटलं. पुढे या यीस्टच्या शास्त्रीय नावातही कार्ल्सबर्ग आलं. आज शास्त्रज्ञ ते निराळ्या नावानं ओळखतात, पण जगातल्या लागर बिअरचा मोठा भाग याच कुळातल्या यीस्टवर चालतो.

इथपर्यंत सगळं बिअरचंच. माझ्यासारख्याचा संबंध पुढे येतो. त्याच १८८३ साली, त्याच प्रयोगशाळेत योहान केलडाल यांनी आणखी एक पद्धत जाहीर केली. बार्लीच्या दाण्यात प्रथिनं किती, हे त्यांना मोजायचं होतं, कारण प्रथिनं जास्त झाली की बिअर गढूळ होते. त्यांनी दाणा सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळला, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया केला आणि तो मोजला. नायट्रोजन कळला की प्रथिनांचा अंदाज बांधता येतो. आज पशुखाद्याच्या पोत्यावर प्रथिनांचा जो टक्का छापलेला असतो, तो ठरवायची मूळ रीत ही. धान्य, दुधाची भुकटी, डाळ, खत, माती, सगळीकडे ती चालते. तिची मर्यादाही जगानं पाहिली. ती नायट्रोजन मोजते, प्रथिनं नव्हेत. चीनमध्ये २००८ साली भेसळखोरांनी याच फटीचा फायदा घेतला. दुधात मेलामाइन मिसळून त्यांनी नायट्रोजनचा आकडा फुगवला आणि सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली. पण फट कुठे आहे हे सगळ्यांना कळलं, तेही पद्धत उघडी होती म्हणून.

तिसरी देणगी १९०९ सालची. एस. पी. एल. सोरेनसेन त्या वेळी प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख होते. आंबवण्याच्या क्रियेत आम्लता फार नाजूक असते, पण ती सांगायची कशी? शून्यापुढे टिंब आणि पुढे शून्यांची रांग, असे आकडे लिहावे लागत. सोरेनसेननी सुटसुटीत मोजपट्टी दिली. शुद्ध पाणी सात. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. प्रत्येक पायरीला दहापटीचा फरक. लिंबाचा रस दोनच्या आसपास, चुन्याची निवळी बाराच्या पुढे, आपलं रक्त सातपूर्णांक चारच्या जवळ. हाच पीएच. माती परीक्षणाच्या कागदावर मराठीत त्याला ‘सामू’ म्हणतात.

सामू हा शब्द शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. काळ्या जमिनीचा सामू आठच्या पुढे गेला की लोह, जस्त पिकाला नीट मिळत नाही, हे त्याला कृषी सहायक सांगतो. साखर कारखान्यात उसाचा रस आंबट असतो. त्यात चुन्याची निवळी घालून सामू सातच्या जवळ आणतात, नाहीतर साखर फुटते आणि उतारा घटतो. हे सगळं ज्या मोजपट्टीवर चालतं, ती एका बिअरच्या कारखान्यात तयार झाली. मी बी. ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरता. पण एवढं समजलं तेव्हा मला तो कारखाना परका वाटेना.

कारण आपल्याकडची सवय उलटी आहे. हातचं राखून शिकवणं, हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आहे, तो उगाच नाही. हकिमांचे नुस्खे त्यांच्याबरोबर कबरीत गेले. वैद्यांच्या मात्रा चितेवर गेल्या. उस्तादांनी अस्सल चीज जावयासाठी किंवा थोरल्या मुलासाठी राखली आणि थोरला गाणारा निघाला नाही. रंगाऱ्याचा पक्का रंग, विणकराची गाठ, लोहाराचं पाणी देणं, किती विद्या अशा एका घराच्या भिंतीत गाडल्या गेल्या. त्यांना दोष देताना जपून बोललं पाहिजे. ज्याची भाकरी त्या एका गुपितावर चालते, तो ते उघडं कसं करील? याकोबसेन श्रीमंत होता, त्याला परवडलं. हे खरं आहे. पण परवडत असूनही कुलूप घालणारे आपण रोज पाहतो.

आता याकोबसेनची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही आरती होईल. सगळ्या जगाला मोकळ्या हातानं देणाऱ्या या माणसाचं पोटच्या मुलाशी पटलं नाही. कार्ल परदेशात धंदा शिकून आला. बापानं १८७१ साली शेजारचा जोडकारखाना त्याला चालवायला दिला. बापाचं म्हणणं, बिअर तळघरात पुरते महिने मुरली पाहिजे. मुलाला माल लवकर आणि जास्त विकायचा होता. वाद इतका चिघळला, की बापानं मुलाला तिथून बाहेर काढलं. मुलानं लागूनच स्वतःचा ‘नवा कार्ल्सबर्ग’ उभा केला. नावावरून भांडण झालं. मधल्या रस्त्याला बाप एक नाव देई, मुलगा दुसरं. बापानं आपला कारखाना मुलाला न देता प्रतिष्ठानाला देऊन टाकला. समेट झाला १८८६ साली आणि १८८७ च्या एप्रिलमध्ये याकोबसेन रोममध्ये वारला. पुढे कार्लनंही १९०२ साली आपला कारखाना त्याच प्रतिष्ठानाला दिला आणि १९०६ साली दोन्ही कारखाने एक झाले. ज्याच्या नावानं टेकडी ओळखली गेली, त्यानं शेवटी ती बापाच्याच इच्छेच्या ओंजळीत टाकली.

कार्लची आवड विज्ञानाची नव्हती, कलेची होती. पाहायला जाणाऱ्यानं त्याच्या हत्तींपासूनच सुरुवात करावी. कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनपासून लोकल गाडीनं अगदी जवळ ‘कार्ल्सबर्ग’ याच नावाचं स्टेशन २०१६ साली झालं आहे. तिथून चालत गेलं की १९०१ साली बांधलेला हत्ती दरवाजा लागतो. वास्तुकार डालरुप. बोर्नहोल्म बेटावरच्या ग्रॅनाइटचे चार भलेमोठे हत्ती पाठीवर मनोरा तोलून उभे आहेत. कार्लच्या चार मुलांच्या नावांची आद्याक्षरं त्यांच्यावर आहेत. आणि भारतीय माणूस थबकतो तो हत्तींच्या झुलीवरचं स्वस्तिक पाहून. कार्लनं ते शुभचिन्ह म्हणून घेतलं होतं, कारखान्याच्या मालावरही ते असे. जर्मनीत नाझींनी त्याची जी गत केली, त्यानंतर कंपनीनं ते वापरणं सोडलं. दगडातलं मात्र तसंच राहिलं. चिन्हाचा दोष नसतो, ते उचलणाऱ्या हाताचा असतो. तरी ज्यांची माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली, त्यांना ते पाहून काय वाटत असेल, हेही त्या दरवाजाखाली उभं राहून आठवावं.

आखणी करताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. त्या जुन्या जागी मोठ्या प्रमाणावर बिअर आता होत नाही. २००८ साली ते काम फ्रेडेरिसिया गावी हलवलं गेलं. जुन्या आवारात आज घरं, दुकानं, शाळा असलेली नवी वस्ती उभी आहे. जुन्या कारखान्याच्या इमारतीतलं पाहुण्यांसाठीचं दालन दुरुस्तीनंतर २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा उघडलं. जाण्याआधी वेळा पाहून तिकीट काढलेलं बरं. महिना शक्यतो मे ते ऑगस्ट असावा. जूनमध्ये तिथं रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात मात्र दिवस जेमतेम सात तासांचा.

हत्तींनंतर जुनी तळघरं. इथंच शतकाहून जुनी बाटली सापडली. तिच्यातल्या जिवंत पेशींवरून हान्सेनच्या काळातली बिअर २०१६ साली पुन्हा बनवून पाहण्यात आली. मग याकोबसेनचं राहतं घर. त्याच्या इच्छेनुसार ते देशातल्या थोर विद्वानाला राहायला देण्याची प्रथा पडली. १९३२ पासून १९६२ साली मृत्यू येईपर्यंत अणुशास्त्रज्ञ नील्स बोर तिथं राहिले. बोर तरुणपणी, १९११ साली, इंग्लंडला शिकायला गेले, ते याच प्रतिष्ठानाच्या मदतीवर.

दुसऱ्या दिवशी कार्लनं उभं केलेलं ग्लिप्टोटेक हे शिल्पांचं संग्रहालय, आणि बंदरातली ती सुप्रसिद्ध जलपरी. अँडरसनच्या कथेतली ही परी १९१३ साली कार्लनं शहराला भेट दिली. तिसऱ्या दिवशी लोकलनं उत्तरेला हिलेरोड. तिथला फ्रेडरिक्सबोर्ग किल्ला १८५९ साली आगीत जळाला. तो पुन्हा उभा करायला थोरल्या याकोबसेननं हात दिला आणि १८७८ साली त्यात राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय सुरू केलं.

तुम्ही विचाराल, पैसा दारूचाच ना? हो, दारूचाच. त्या पैशानं केलेल्या चांगल्या कामानं दारू पवित्र होत नाही. पिऊन उद्ध्वस्त झालेल्या घराला संग्रहालय दाखवून काय उपयोग? पण उलटही खरं आहे. पैसा कुठून आला या कारणानं सामूचा आकडा खोटा ठरत नाही. ज्ञान एकदा मोकळं झालं की ते मालकाचं राहत नाही.

शब्दांशी खेळणं हा माझा धंदा, म्हणून शेवटी एका शब्दाबद्दल. खमीर आणि खुमारी हे दोन्ही शब्द आपण मराठीत सहज वापरतो. दोन्ही अरबीतून आले आणि दोन्हींचं मूळ एक. मद्याला अरबीत खम्र म्हणतात, तोही शब्द त्याच मुळाचा. त्या मुळाचा अर्थ झाकणं. डोक्यावरची ओढणी ती खिमार. जे अक्कल झाकतं ते खम्र, म्हणून ते निषिद्ध. मला हा अर्थ पटतो. आणि नेमका झाकण्याच्या याच धंद्यात एक माणूस असा निघाला, की त्यानं लिहून ठेवलं, इथं सापडेल ते झाकायचं नाही. त्याची बिअर ज्याला नको त्यानं घेऊ नये. त्याची अट मात्र आपल्या तालमींत, दवाखान्यांत, प्रयोगशाळांत आणि कारागिरांच्या घरांत आणायला कुठल्याच धर्माची हरकत नसावी.